न दाखवलेले १९३२ : एका महाविद्यालयातील चित्रपट-प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कला व वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक, विद्यार्थी आणि शहरातील काही रसिक मिळून चित्रपट अभ्यास मंडळ चालवतात. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे मंडळ एक ऐतिहासिक चित्रपट दाखवते आणि त्यावर चर्चा ठेवते. ज्या वर्षाचे हे प्रकरण आहे, त्या वर्षी रिचर्ड ॲटनबरो यांचा १९८२ सालचा ‘गांधी’ निवडण्यात आला होता. महाविद्यालयाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रस्तुत लेखक या बैठकांना आणि प्रदर्शनाला निरीक्षक म्हणून उपस्थित होता.

निवडीमागची कारणे समजण्यासारखी होती. हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला अनेक बाजूंनी जवळचा आहे. कस्तुरबांची भूमिका पुण्यात वाढलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्यासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया कोल्हापूरच्या, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. चित्रपटाला एकंदर आठ ऑस्कर मिळाले. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीच्या राजपथावर चित्रित झालेल्या अंत्ययात्रेत तीन लाखांहून अधिक माणसे होती आणि इतका मोठा जमाव त्यानंतर कोणत्याही चित्रपटासाठी उभा राहिल्याचे दिसत नाही. विद्यार्थ्यांना भव्य ऐतिहासिक चित्रपट कसा रचला जातो हे दाखवायचे, तर यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे अवघड, असे मंडळाच्या समन्वयकांचे मत होते आणि ते योग्यच होते.

इंग्रजी समजण्यात अडचण येऊ नये म्हणून हिंदी आवृत्ती दाखवायचे ठरले. या आवृत्तीत बेन किंग्जली यांना पंकज कपूर यांनी आवाज दिला आहे. प्रदर्शनाची परवानगी घेण्यात आली, सभागृह ठरले, चर्चेसाठी दोन वक्ते निश्चित झाले आणि महाविद्यालयाच्या दर्शनी भागात फलक लागला. हा चित्रपट स्वातंत्र्यलढ्याचा संपूर्ण इतिहास तीन तासांत उभा करतो, असे त्या फलकावर लिहिले होते.

समस्या कशी पुढे आली

फलक लागल्यानंतर काही दिवसांनी मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सह्यांचे एक पत्र समन्वयकांकडे दिले. पत्र लांबलचक नव्हते. त्यात तीन गोष्टी मांडल्या होत्या. पहिली, संपूर्ण चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पात्र एकदाही येत नाही, मग त्याला संपूर्ण इतिहास कसे म्हणायचे. दुसरी, दांडी यात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला सुरू झाला होता. पहिला सत्याग्रह चित्रपटात विस्ताराने आहे आणि दुसऱ्याचा उल्लेखही नाही. तिसरी, चर्चेसाठी बोलावलेल्या दोन्ही वक्त्यांपैकी एकानेही आंबेडकरी चळवळीवर काम केलेले नाही. पत्राच्या शेवटी प्रदर्शनाच्या आधी मंडळाने या प्रश्नांवर आपली भूमिका सांगावी, अशी विनंती होती.

येथे या प्रकरणातील पहिला निर्णयबिंदू येतो. पत्र कार्यालयात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला होता. प्रशासनाने ते प्रदर्शनाला विरोध करणारे पत्र म्हणून वाचले, कार्यक्रमाच्या दिवशी गोंधळ होईल काय याची चौकशी सुरू झाली आणि कार्यक्रम पुढे ढकलण्याची तोंडी सूचना समन्वयकांना मिळाली. वस्तुतः पत्रात बंदीची मागणी कुठेही नव्हती; लिहिणाऱ्यांनी चित्रपट पाहिलेला होता आणि त्यांना तो दाखवला जायला हवाच होता. समन्वयक मॅडमनी प्राचार्यांसमोर पत्र मोठ्याने वाचून दाखवले आणि ही अभ्यासाची मागणी आहे, ही गोष्ट तेथेच स्पष्ट केली. पुढचे सगळे या एका कृतीमुळे शक्य झाले असे माझे मत आहे, कारण अभ्यासाचा प्रश्न एकदा सुरक्षेचा प्रश्न ठरला की त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

चित्रपटात काय आहे आणि काय नाही

निर्णय घेण्यापूर्वी मंडळाने चित्रपट पुन्हा पाहिला आणि पत्र लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना त्यासाठी बोलावले. या बैठकीत झालेला विचार या प्रकरणाचा गाभा असल्याने तो थोडा विस्ताराने मांडतो.

पडद्यावर कोणाचे चेहरे दिसतात एवढाच प्रश्न विचारला, तर त्या काळाच्या पाश्चात्त्य भव्यपटांच्या तुलनेत ‘गांधी’ कितीतरी पुढे आहे. पौर्वात्य पात्रे गोऱ्या नटांनी रंग फासून करण्याची प्रथा तोवर पूर्ण मोडलेली नव्हती. येथे मुख्य भूमिका कृष्णा भानजी या नावाने जन्मलेल्या आणि वडिलांकडून गुजराती वंशाच्या किंग्जली यांनी केली. नेहरू म्हणून रोशन सेठ, पटेल म्हणून सईद जाफरी, जिना म्हणून अलीक पदमसी, दंगलीत मुसलमान मुलाचा जीव घेतलेला नहारी म्हणून ओम पुरी असे भारतीय नट महत्त्वाच्या जागी होते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ निर्मितीत सहभागी होते आणि सार्वजनिक पैसा परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटात घालण्यावरून त्या वेळी भारतीय चित्रपटसृष्टीत नाराजीही व्यक्त झाली होती. तेव्हा भारतीयांना बाजूला सारून भारताची गोष्ट सांगितली, असा सरसकट आरोप या चित्रपटावर करता येत नाही.

अडचण पुढच्या प्रश्नापाशी सुरू होते. या पात्रांपैकी गांधींशी मतभेद असणारे, आणि त्या मतभेदामागे स्वतःचे तर्क असणारे, कोण आहे? जिनांचा मतभेद दिसतो. पण त्यांची व्यक्तिरेखा इतकी थंड आणि अलिप्त रंगवली आहे की त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच प्रेक्षक त्यांच्यापासून दूर जातो. ब्रिटिश अधिकाऱ्यांचा विरोध आहे, तो तर कथेचा पायाच आहे. जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसाने गांधींना केलेला विरोध मात्र कुठेच नाही.

अस्पृश्यतेचा विषय चित्रपटात अजिबात नाही असेही नव्हे. गांधी ती मनातून आणि जीवनातून काढून टाकण्याचे आवाहन करतात. दक्षिण आफ्रिकेतील आश्रमात संडास साफ करण्यावरून पती-पत्नींमध्ये झालेला वाद हा चित्रपटातील सर्वांत ताकदीच्या प्रसंगांपैकी एक आहे आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात अपमान, संताप आणि समजूत या तिन्ही गोष्टी काही क्षणांत दाखवल्या आहेत. पण गांधींच्या आत्मकथेत हा प्रसंग डर्बनच्या घरातला आहे आणि वादाचे कारण ठरलेले भांडे अस्पृश्य मानल्या गेलेल्या पंचम समाजात जन्मलेल्या, ख्रिस्ती झालेल्या एका कारकुनाचे आहे. चित्रपटात प्रसंग राहिला, वाद राहिला, गांधींचा पश्चात्तापही राहिला, आणि ज्याच्यामुळे हे सगळे घडले तो कारकून गेला. ही तुलना बैठकीत वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मांडली. जातीचा प्रश्न चित्रपटात गांधींच्या आत्मशुद्धीचा विषय म्हणून येतो. ज्यांनी तो सोसला त्यांना आवाज नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर कोणालाही सबळ उत्तर देता आले नाही.

इतिहासाच्या प्राध्यापकांनी चित्रपटाची बाजूही मांडली. १८९३ ते १९४८ हा काळ १९१ मिनिटांत बसवायचा, तर बरेच काही गाळावे लागणार. कोणतेही आयुष्य एका कथनात मावत नाही, अशी कबुली चित्रपट सुरुवातीच्या पाटीवरच देतो. सुभाषचंद्र बोसही त्यात नाहीत. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण तो तपासून पाहताना बैठकीत असे लक्षात आले की वेळेची टंचाई सर्वांना सारखी लागू झालेली नाही. वॉकर नावाचा अमेरिकन वार्ताहर हे कल्पित पात्र आहे आणि त्याला दक्षिण आफ्रिकेपासून गुजरातेतील धारासण्याच्या मीठ सत्याग्रहापर्यंत भरपूर जागा मिळते. मार्गारेट बर्क-व्हाइट या छायाचित्रकार बाईंनाही मिळते. पाश्चात्त्य प्रेक्षकाला कथेत शिरण्यासाठी आपल्यासारखा कोणीतरी साक्षीदार हवा, म्हणून ही पात्रे आहेत. म्हणजे जागा होती, ती कोणाला द्यायची याचा निर्णय झाला होता.

आता प्रत्यक्ष गाळलेला भाग. चित्रपटात १९३१ च्या लंडनमधील गोलमेज परिषदेचा प्रसंग येतो आणि त्यानंतर कथा थेट दुसऱ्या महायुद्धापाशी जाते. मधली वर्षे पडद्यावर नाहीत. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधी आणि आंबेडकर यांची पहिली भेट झाली. त्यानंतर दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व कोण करतो यावरून दोघांचा जाहीर संघर्ष झाला. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, म्हणजे आपले प्रतिनिधी फक्त आपल्याच मतांनी निवडण्याचा हक्क दिला. त्याविरुद्ध गांधींनी २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि २६ तारखेला उपोषण सुटले. करारानुसार स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. उपोषण आणि करार दोन्ही पुण्यात घडले, आणि त्यांचे परिणाम आजही प्रत्येक राखीव मतदारसंघाच्या निवडणुकीत जाणवतात.

हाच भाग का गळला असावा? बैठकीत याचे एक उत्तर पुढे आले आणि मला ते सर्वांत पटणारे वाटते. चित्रपटात ठळकपणे येणारी उपोषणे हिंसेविरुद्ध आहेत: चौरीचौरानंतरचे एक, आणि १९४७ च्या दंगलींतील कलकत्त्याचे दुसरे. उपोषण म्हणजे स्वतःच्या माणसांची हिंसा थांबवण्यासाठी स्वतःला दिलेली शिक्षा, असा अर्थ प्रेक्षकाच्या मनात या प्रसंगांतून तयार होतो आणि शेवटच्या तासाचा सगळा परिणाम त्यावर उभा आहे. १९३२ चे उपोषण या अर्थात बसत नाही. ते समाजातील सर्वांत दुर्बळ गटाने मिळवलेल्या राजकीय हक्काविरुद्ध होते. गांधींना हिंदू समाजाच्या फुटीची भीती वाटत होती आणि ती प्रामाणिक होती, हे मान्य केले तरी त्या उपोषणाचा दाब कोणावर पडला हा प्रश्न उरतोच. गांधी दगावले असते तर गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांवर काय ओढवले असते, या भीतीची जाणीव आंबेडकरांना ठेवावी लागली होती. हा प्रसंग पडद्यावर आला असता, तर कलकत्त्याचे उपोषण पाहताना प्रेक्षकाला त्याची आठवण आली असती आणि चित्रपटाची नैतिक रचना अधिक गुंतागुंतीची झाली असती. माझ्या मते तसा चित्रपट अधिक मोठा ठरला असता.

विचारात घेतलेले पर्याय

मंडळासमोर पाच मार्ग होते. ठरल्याप्रमाणे चित्रपट दाखवून शेवटी प्रश्नोत्तरांत हा विषय घ्यावा, हा पहिला. त्यात धावपळ नव्हती, पण पत्राला ते उत्तर ठरले नसते.

कार्यक्रम रद्द करावा, असा दुसरा पर्याय प्रशासनाकडून आला होता. तो चर्चेत फार टिकला नाही. पत्र देणाऱ्यांनीच त्याला सर्वांत जोरदार विरोध केला, कारण रद्द झाल्याचा दोष आपल्यावर येईल हे त्यांना दिसत होते.

तिसरा पर्याय डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट त्याऐवजी दाखवण्याचा होता. मामूट्टी यांची मुख्य भूमिका असलेला हा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला आणि तोही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्याच निर्मितीचा आहे. पुणे कराराचा प्रसंग त्यात आहे आणि त्यातले गांधी मोहन गोखले यांनी साकारले आहेत. अदलाबदल केली तर भव्यपटात प्रतिनिधित्वाचे निर्णय कसे होतात हा मूळ अभ्यासाचा विषयच निसटतो, असा आक्षेप आला. मात्र दोन्ही चित्रपट दाखवावेत, ही कल्पना येथूनच निघाली.

चौथा पर्याय सुरुवातीला प्रास्ताविक भाषण करून काय गाळले आहे ते सांगण्याचा होता. यावर एका विद्यार्थिनीने अगदी व्यवहारी मुद्दा मांडला: चित्रपटापूर्वीचे भाषण लोक चित्रपटाची वाट पाहत ऐकतात आणि दहाव्या मिनिटाला विसरतात.

पाचवा पर्याय चित्रपट गोलमेज परिषदेनंतर, म्हणजे नेमका जिथे १९३२ येऊ शकले असते तिथे थांबवण्याचा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी दाखवण्याचा होता. सर्वांत तीव्र मतभेद यावर झाले. मंडळाचे ज्येष्ठ सदस्य असलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे होते की कलाकृती मध्येच तोडणे हा तिच्यावर अन्याय आहे. आधी ती संपूर्ण पाहावी, मग हवी तेवढी चिकित्सा करावी. सर्वसाधारण परिस्थितीत मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. परंतु या चित्रपटाची अखेर हत्येने, अंत्यसंस्काराने आणि अस्थिविसर्जनाने होते. सभागृहातील दिवे लागतात तेव्हा लोकांचे डोळे भरलेले असतात. त्या क्षणी उठून पुणे कराराविषयी प्रश्न विचारणारा वीस वर्षांचा मुलगा सगळ्यांना मृताचा अनादर करणारा वाटेल. म्हणजे चर्चा शेवटी ठेवली की ती नावापुरतीच उरते. या मुद्द्यानंतर निवृत्त शिक्षकांनी आपला आक्षेप मागे घेतला नाही, पण निर्णयाला संमती दिली आणि आपले मत नोंदवून ठेवावे अशी विनंती केली. ती मान्य झाली.

केलेली कार्यवाही

फलक बदलण्यात आला. नव्या फलकावर चित्रपटाचे नाव, वर्ष आणि दिग्दर्शक एवढेच होते, आणि त्याखाली कार्यक्रमाचा विषय म्हणून इतिहासपटातील निवड आणि वगळणूक असे लिहिले होते. आंबेडकरी चळवळीचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना तिसरे वक्ते म्हणून बोलावण्यात आले. वक्त्यांपैकी कोणी आधी बोलायचे हाही मुद्दा होता. हे निवृत्त प्राध्यापक पहिल्या दिवशी चित्रपट थांबल्यानंतर सर्वप्रथम बोलतील असे ठरले.

सभागृहाच्या भिंतीवर विद्यार्थ्यांनी १९३० ते १९३५ या वर्षांचा कालपट लावला. दांडी यात्रेच्या शेजारी काळाराम सत्याग्रह आणि त्याची स्थानिक धुरा वाहणारे दादासाहेब गायकवाड होते. २१ मे १९३० च्या धारासण्याच्या नोंदीसमोर सरोजिनी नायडू यांचे नाव होते, कारण त्या दिवसाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि चित्रपटातील त्या प्रसंगात स्त्रिया दिसतात त्या जखमींची शुश्रूषा करताना. पुढे पुणे करार, १९३३-३४ मधील गांधींचा अस्पृश्यतानिवारणासाठीचा दौरा आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा होती. गांधींचा दौरा कालपटावर असावा, असा आग्रह वसतिगृहातील विद्यार्थ्यांपैकीच एकाने धरला, ही गोष्ट येथे नोंदवायला हवी.

पहिल्या संध्याकाळी चित्रपट लंडनच्या प्रसंगानंतर थांबवण्यात आला. दोन विद्यार्थ्यांनी पुणे कराराची कलमे वाचली. राखीव जागांच्या निवडणुकीसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि मग त्यातून सर्व मतदारांनी मिळून एकाला निवडायचे, ही प्राथमिक निवडणुकीची तरतूद आणि तिची दहा वर्षांची मुदत बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकली. वाचन कोरडे होईल अशी भीती होती. तसे झाले नाही. सभागृह शांत होते आणि लोक कागदावर लिहून घेत होते. त्यानंतर निवृत्त प्राध्यापकांनी स्वतंत्र मतदारसंघामागचा आंबेडकरांचा तर्क मांडला: संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवर निवडून येणारा माणूस बहुसंख्याकांच्या मतांवर अवलंबून राहतो, आणि म्हणून आपल्या समाजाचे म्हणणे ठामपणे मांडणारा उमेदवार पडतो. गांधींची बाजूही तेवढ्याच गांभीर्याने मांडली गेली. दुसऱ्या संध्याकाळी चित्रपटाचा उरलेला भाग दाखवला गेला आणि पुढच्या आठवड्यात डॉ. पटेल यांचा चित्रपट.

परिणाम

दुसऱ्या संध्याकाळी उपस्थिती कमी होती. काहींना चित्रपट तोडलेला आवडला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. संस्थेच्या व्यवस्थापनाने कार्यक्रमात बदल का केला याचा लेखी खुलासा मागवला. तो देण्यात आला आणि विषय तिथे संपला.

चर्चेचा दर्जा मात्र मंडळाच्या आधीच्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा वरचा होता, असे जुन्या सदस्यांनी सांगितले. कलकत्त्याचे उपोषण पाहताना पहिल्यांदाच मनात दोन गोष्टी एकत्र होत्या, असे द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सांगितले: नहारीला मुसलमान मूल मुसलमान म्हणूनच वाढवायला सांगणाऱ्या माणसाविषयीचा आदर, आणि येरवड्यात त्याच माणसाने केलेल्या उपोषणाविषयीचा प्रश्न. या दोन गोष्टींपैकी एक सोडून देण्याची तिला गरज वाटली नाही. सर्वोदयाच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्यावर दीर्घ बोलणे केले. पुणे करारानंतर गांधींनी ज्या गावांत सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, त्यांचा विचार केल्याशिवाय १९३२ चा हिशेब पुरा होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निवृत्त प्राध्यापकांनी उत्तर दिले की दया आणि हक्क यांतला फरक हाच तर वादाचा विषय होता. दोघांचे एकमत झाले नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघेही आले.

पत्र लिहिणारे सगळे समाधानी झाले नाहीत. त्यांच्यापैकी एकाने शेवटी उभे राहून विचारले की बाबासाहेब दर वेळी गांधींच्या चित्रपटातली राहून गेलेली जागा म्हणूनच का यावेत; सुरुवात त्यांच्यापासून करून, त्यांच्या चित्रपटात गांधी कसे दिसतात हा प्रश्न आम्ही का विचारत नाही? पटेलांच्या चित्रपटासाठी दुसरा आठवडा आणि कमी प्रसिद्धी मिळाली होती, हे त्याने लक्षात आणून दिले. तो आक्षेप रास्त होता. एका भव्यपटाने केलेली निवड दुरुस्त करताना मंडळाने क्रम मात्र त्याच भव्यपटाचा ठेवला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल निवडीच्या टप्प्यावरच हवा होता. चित्रपट, वक्ते आणि फलकाचा मजकूर हे तिन्ही निर्णय प्राध्यापकांच्या एका बैठकीत झाले आणि त्या बैठकीत विद्यार्थी नव्हते. पत्र आले नसते तर चूक कोणाच्या लक्षात आली नसती. पत्र लिहिणे हे विद्यार्थ्यांसाठी सोपे नसते. सह्या करणाऱ्यांपैकी काहींना आपली नावे कार्यालयात गेल्याची काळजी वाटत होती, हे नंतर कळले. ज्या मंडळाला विविध आवाज हवे आहेत, त्याने ते आवाज तक्रारीच्या रूपात येण्याची वाट पाहू नये.

चित्रपट थांबवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, तरी तो प्रेक्षकांना आधी सांगायला हवा होता. निम्म्या लोकांना तो त्याच क्षणी कळला आणि काहींना आपल्यावर काहीतरी लादले जात आहे असे वाटले. नव्या फलकावर एक ओळ लिहिली असती तरी पुरले असते.

पात्रयोजनेची चर्चाही अपुरी राहिली. किंग्जली यांच्या वंशाविषयी प्रश्न आले आणि ते तेवढ्यावरच संपले. परंतु गांधींची भूमिका कोणी केली यापेक्षा भूमिका लिहिली कोणी, हा प्रश्न या चित्रपटाच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा होता. पटकथा जॉन ब्रायली यांची, दिग्दर्शन ॲटनबरो यांचे, आणि भारतीय कलावंतांचे योगदान मुख्यतः अभिनय, वेशभूषा आणि चित्रीकरणाच्या प्रचंड व्यवस्थेत. जिथे कथा काय असावी हे ठरते तिथे भारतीय किती होते, आणि असलेल्यांत कोणत्या समाजाचे किती, या अंगाने विचार झाला असता तर १९३२ का गळले याचे उत्तर अधिक खोलात गेले असते. भारतीय सरकारी पैसा असूनही भारतातील सर्वांत मोठा सामाजिक वाद पटकथेत आला नाही, ही गोष्ट केवळ परदेशी दृष्टीच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडच्या ज्या अधिकाऱ्यांनी आणि सल्लागारांनी पटकथा पाहिली असेल, त्यांनाही ती उणीव उणीव वाटली नसावी.

आणखी एक वगळणूक फार उशिरा पुढे आली. चित्रपटाचा पहिला मोठा भाग दक्षिण आफ्रिकेत घडतो, पण तेथील कृष्णवर्णीय आफ्रिकी माणसे पडद्यावर जवळजवळ नाहीत आणि त्यांच्या नेत्यांपैकी कोणीही नाही. गांधींनी १९०४ साली डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत सुरू केली, तेव्हा तिच्या जवळच जॉन डुबे यांची १९०१ मध्ये स्थापन झालेली ओहलांगे संस्था चालू होती. हेच डुबे १९१२ मध्ये पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. भारतीयांचा लढा आणि आफ्रिकी लोकांचा लढा त्या काळात वेगवेगळे चालले, आणि गांधींच्या सुरुवातीच्या लेखनात आफ्रिकी लोकांविषयी आज वाचवणार नाहीत अशी विधाने आहेत. हा मुद्दा शेवटच्या दिवशी, सभागृह रिकामे होत असताना, भूगोलाच्या एका विद्यार्थ्याने काढला. जी कसोटी आपण आपल्यासाठी लावली तीच दुसऱ्यांसाठीही लावायची, तर या भागाला स्वतंत्र वेळ द्यायला हवा होता.

पुढील वर्षाच्या आखणीसाठी मंडळाने वसतिगृहाचे दोन आणि इतर वर्गांतील तीन विद्यार्थी निवड समितीत घेतले आहेत. त्यांनी दिलेल्या पहिल्या आराखड्यात सुरुवात काळाराम सत्याग्रहाने होते, मग पटेलांचा चित्रपट, आणि त्यानंतर ॲटनबरोंच्या चित्रपटातील फक्त दक्षिण आफ्रिकेचा भाग. निवृत्त शिक्षकांनी याही वेळी चित्रपट तुकड्यांत दाखवण्याला लेखी विरोध केला आहे आणि समितीने तो विषयपत्रिकेवर पहिला ठेवला आहे.